सूर्यवंशी बाईंची करंगळी

सूर्यवंशी बाईंच्या उजव्या हाताचं मधलं बोट फळ्यासमोर अडकलं, तेही 'दुष्काळ' हा शब्द लिहिताना. 'दु' झाला, 'ष्का' झाला, 'ळ' काढायला बोट वळलं आणि तिथेच तळहाताला चिकटून बसलं. खडू खाली पडला. चौथीचा वर्ग चिडीचूप झाला. बाईंनी डाव्या हाताने ते बोट धरून ओढलं, तेव्हा ते 'खट' असा आवाज करून सुटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी जिभेने तसाच आवाज काढून दाखवला, आणि बाईंच्या अपमानांची मालिका सुरू झाली.

तसं पाहिलं तर एक बोट अडकणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. पण कस्तुराबाई सूर्यवंशी अहमदपूरच्या सरकारी शाळेत बाई होत्या, आणि बाईंचा सगळा कारभार बोटांवर चालतो. फळा लिहायचा, हजेरी मांडायची, कान धरायचा, ही सगळी बोटांची कामं. आता कान धरला की बोट अडके आणि कान सुटत नसे. एका पोराला तर त्यांनी कान धरून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत नेलं. गुन्हा तेवढा मोठा नव्हता, पण दोघांनाही सुटका करून घेता येईना. मुख्याध्यापकांनी मधे पडून बोट आणि कान वेगळे केले.

बाईंच्या वर्गात दोन नियम होते. ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं नाही, हा पहिला. तास चालू असताना करंगळी वर करायची नाही, हा दुसरा. शाळेत करंगळी वर करणं म्हणजे काय, हे ज्याने कधी पाटीपेन्सिल धरली आहे त्याला सांगायला नको. बाईंचं ठाम मत असं होतं की बहुतेक करंगळ्या खोट्या असतात. पोराला लघवीला लागलेली नसते, पाढे लागलेले असतात. म्हणून कुणी करंगळी दाखवली की त्या मान वर न करता म्हणायच्या, "बस खाली. मधल्या सुट्टीत." त्या तालुक्यातले कितीतरी कर्तेसवरते लोक संयम म्हणून जे काही शिकले, ते बाईंच्या हाताखाली, पाय एकमेकांत घट्ट अडकवून शिकले.

बोटाची बातमी टेकडी गल्लीत पसरली तसे सल्ले यायला लागले. शेजारच्या केवळाबाई वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या घरची शेती टेकडीच्या पलीकडे होती आणि औषधंही तिकडचीच. "लिंबू पोखरा आन् त्यात बोट घाला," त्या म्हणाल्या. ते नखुर्ड्याचं औषध आहे असं बाईंनी सांगितल्यावर, "मग काय झालं? बोट तर बोटच हाय," असं त्यांचं उत्तर आलं. बाई शाळेत लिंबू घालून गेल्या. समोरच्या जगदेवीने एरंडेल सुचवलं. एका दिवसात लिंबू आणि एरंडेल एकत्र झाल्यावर बाईंच्या बोटाला असा वास यायला लागला की हजेरी घेताना पहिला बाक मागे सरकला. कोपऱ्यावरचे रिटायर तलाठी चंद्रप्पा म्हणाले, हा वात आहे, एक हिसका बसला की जातो. त्यांनी विचारायच्या आत हिसका दिलासुद्धा. बाई अशा ओरडल्या की टँकर आला असं समजून गल्लीतल्या दोन बाया घागरी घेऊन बाहेर धावल्या.

बाईंचे यजमान निवृत्तीराव. नावाने निवृत्ती, पण पोस्टात नोकरीला होते. त्यांचा सल्ला सगळ्यांत सोपा होता.

"थोडे दिवस लिहू नकोस आणि बोलू नकोस."

"बोटाचा आणि बोलण्याचा काय संबंध?"

"नाही, असंच म्हटलं," निवृत्तीराव म्हणाले आणि पोस्टात निघून गेले. त्या दिवशी पोस्टाला सुट्टी होती.

शेवटी गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे खटक्याचं बोट. आतल्या नळीत शीर अडकते आहे. लातूरला बिरादार डॉक्टरांकडे जा. दवाखान्यातल्या दवाखान्यात, तेवढ्या जागेची भूल देऊन बारीक चिरा देतात. सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी.

"आजवर माझ्या हातून भूल झाली नाही," बाई म्हणाल्या, "आता म्हणे हातालाच भूल द्यायची." पण लिंबाच्या वासापेक्षा भूल बरी, असं ठरलं.

आता टँकरचं सांगायला हवं, कारण खरी अडचण बोटाची नव्हतीच. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा टेकडी गल्लीने पेढे वाटले होते. आता कामाला उस्मानाबाद गाठायला नको, सगळं जवळ आलं, असा आनंद झाला होता. जिल्हा आला आणि पाऊस गेला. विहिरी बसल्या, हातपंप वारा ओकायला लागले, आणि गावात टँकर सुरू झाला. तो टँकर टेकडीच्या पायथ्याशी, एका वजनदार माणसाच्या फाटकापाशी थांबे. वर गल्लीत सिमेंटची एक चांगली टाकी बांधलेली होती. बांधल्यापासून तिच्यात पोरांच्या लपाछपीशिवाय काही पडलं नव्हतं. वर या म्हटलं की ड्रायव्हर म्हणे, "चढ लई हाय. इंजिन उठत न्हाई." लातूरच्या कचेरीत विचारलं तर, तुमच्या गल्लीचे कागद अजून उस्मानाबादेत आहेत. उस्मानाबादला विचारलं तर, तुम्ही आता आमचे नाहीत. माहेरचे म्हणतात दिल्या घरी जा, आणि सासरचे म्हणतात अजून पाठवणी व्हायची आहे. मधल्या मधे बाया डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढत होत्या.

पाणी कमी पडलं की बाया आधी स्वतःचं पिणं तोडतात. जगदेवी हसून म्हणायची, "पाणी पिलं की जावं लागतंय, आन् गेलं की परत पाणी लागतंय. त्यापरीस न पिलेलं बरं." ती हसायची, पण ऐकणाऱ्या बाया हसत नसत. केवळाबाईंची सून उन्हाळी लागून, लघवीच्या जळजळीने रात्रंदिवस तळमळत होती.

अशात कळलं की गुरुवारी दुपारी लातूरला कलेक्टर साहेबांपुढे पाणीटंचाईची बैठक आहे आणि गावोगावच्या लोकांना तिथे बोलता येईल. गल्लीने एकमुखाने बाईंना निवडलं. बाईंना बोलायला सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिरादार डॉक्टरांनीही गुरुवार सकाळच दिली होती. एका फेरीत दोन कामं होत असतील तर ती न करणं हा मध्यमवर्गात गुन्हा असतो. सकाळी बोट, दुपारी टँकर, असं ठरलं. निवृत्तीरावांना रजा मिळाली नाही. त्यांनी मागितली होती की नाही, हे पोस्टालाच माहीत. बाईंसोबत केवळाबाई आणि जगदेवी निघाल्या.

तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला. दवाखान्याला पाणी नाही. हात धुवायला आणि हत्यारं उकळायला पेशंटने येताना एक कळशी पाणी आणावं.

ऑपरेशनला पाणी, तेही टेकडी गल्लीतून! निवृत्तीराव म्हणाले, ऑपरेशन पुढे ढकल. बाई म्हणाल्या, बैठक पुढे ढकलतील का? मग जगदेवी आपल्या घरचा एक तांब्या घेऊन आली आणि बाईंच्या कळशीत ओतून गेली. केवळाबाईंनी एक आणला. मग घराघरातून कुणी तांब्या, कुणी फुलपात्र घेऊन आलं. बौद्धांच्या घरचं, शेतकऱ्यांच्या घरचं, लिंगायतांच्या घरचं पाणी त्या एका कळशीत जमा झालं. बाई लहान असताना त्यांच्या आईला ज्या आडावर पाय ठेवू देत नव्हते, त्याच आडावरच्या घराने त्या सकाळी दोन फुलपात्रं ओतली. बाईंच्या ते लक्षात आलं. कळशीच्या तोंडाला फडकं त्यांनी स्वतः बांधलं, आणि गाठ मारताना बोट अडकलं तरी कुणाला सोडू दिली नाही.

एसटीत ती कळशी केवळाबाईंच्या मांडीवर बसली. शेजारच्या एका माणसाने लाडाने विचारलं, "तूप हाय का मावशी?" "पाणी हाय," असं केवळाबाईंनी सांगताच आख्खी गाडी कळशीकडे बघायला लागली. तूप म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या नंतर म्हणत होत्या. लातूर येईपर्यंत त्यांनी कळशीवरचा हात काढला नाही.

बिरादार डॉक्टर उदगीरकडचे, जाडजूड आणि हसरे. "हेदरबेड्री, बाई," ते म्हणाले. जगदेवीला कानडी येत होतं. तिने दारातून सांगितलं, "घाबरू नका म्हनून राहिले." बाईंना घाबरायला वेळच नव्हता, कारण टेबलावर आडवं होताच समोरच्या पाटीवर 'शस्त्रक्रीया' असं लिहिलेलं दिसलं. दंडाला पट्टा आवळला गेला. तळहातात सुई शिरली तेव्हा डोळ्यात पाणी आलं. मग हात हळूहळू परका झाला. आपला हात समोर दिसतो आहे आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे, ही गोष्ट बाईंना फार अपमानकारक वाटली.

"आता चिरा देतोय बरं का, बाई."

"द्या. पण 'क्रि' ऱ्हस्व आहे."

"काय?"

"शस्त्रक्रियेतला 'क्रि'. पाटीवर दीर्घ झालाय. तुम्ही चिरा द्या, मी फक्त सांगते."

डॉक्टर मान खाली घालून काम करू लागले. मधेच त्यांनी सांगितलं, बोट मिटा. बाईंनी मिटलं. उघडा. बोट उघडलं. खट झालं नाही. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. इतके दिवस कुलूप लागलेलं दार कुणी तेल घालून उघडावं तसं ते उघडत होतं. बाईंना इतका आनंद झाला की 'क्रि'बद्दल त्यांनी डॉक्टरांना माफ करून टाकलं.

दोन टाके पडले. "एक बोट उघडं ठेव रे, रक्त नीट फिरतंय का बघायला," असं कंपाउंडरला सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. कंपाउंडर सढळ हाताचा माणूस होता. पाणी नव्हतं, पण पट्ट्या भरपूर होत्या. त्याने तळहात गुंडाळला, मग अंगठा, मग तिन्ही बोटं, आणि उघडी ठेवली करंगळी. शेवटचा वेढा तिच्या मुळाशी असा करकचून बसवला की ती सरळ उभी राहिली आणि वाकेनाशी झाली. "हात वर ठेवा," तो म्हणाला, "काळजाच्या वर. खाली सोडला तर ठणकंल आन् रक्त येईल." बाईंनी हात वर धरला. सांगितलेलं न ऐकणारा विद्यार्थी त्यांना आवडत नसे. स्वतः तसं वागायचा प्रश्नच नव्हता. कळशीत निम्मं पाणी उरलं होतं. तेही उकळलेलं. केवळाबाईंनी ते सोडलं नाही.

दवाखान्याबाहेर येऊन बाईंनी रिक्षाला हात केला. हात वरच होता, त्यामुळे करावा लागला नाही. रिक्षावाल्याने करंगळीकडे पाहिलं, तिघींना बसवलं, आणि कचेरी सांगितलेली असताना गांधी चौकाच्या अलीकडे एका भिंतीपाशी रिक्षा थांबवून तोंड दुसरीकडे फिरवलं. "इथं कामून थांबला?" जगदेवीने विचारलं. "जाऊन या म्हनावं बाईंना. म्या थांबतो," तो म्हणाला. बाईंना वाटलं याचं काही काम असेल. त्या बसून राहिल्या. तोही बसून राहिला. बराच वेळ दोघंही एकमेकांच्या सभ्यतेची वाट बघत होते.

शेवटी रिक्षा निघाली, तर कचेरीच्या वाटेवर एका अनोळखी बाईने दारातून हाक मारली, "अवो ताई, या, आमच्याकडं हाय आत." फाटकावरचा पोलीस बाईंकडे बघून गोंधळला आणि आपली काठी बगलेत घेऊन हळूच म्हणाला, "माघल्या बाजूला, भितीच्या पलीकडं." बाईंनी कडक आवाजात विचारलं, "काय आहे भिंतीच्या पलीकडे?" पोलीस लाजला. जगदेवीला इतका वेळ दाबलेलं हसू आवरेना. ती पोट धरूनच खाली बसली.

"बाई, बोट बघा की तुमचं!"

बाईंनी आपलं बोट पाहिलं. वीस वर्षं त्यांनी जे बोट खाली बसवलं, ते त्यांच्याच हातावर, साऱ्या लातूर शहरासमोर ताठ उभं होतं.

त्यांनी आधी हात खाली घेतला. ठणका असा उठला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि पट्टीवर लाल ठिपका आला. मग पदराखाली झाकून पाहिला. पदरातून वर आलेली करंगळी उघड्या करंगळीपेक्षा वाईट दिसते, हे केवळाबाईंनी एका नजरेत सांगितलं. "आता तर लईच घाईची लागलीय आसं दिसतंय," त्या म्हणाल्या. दवाखान्यात परत जावं तर डॉक्टर जेवायला गेलेले आणि बैठक सुरू झालेली. शेवटी बाईंनी हातावरचा पदर काढला, हात होता त्याहून वर धरला आणि सरळ आत गेल्या. कुणाला काय समजायचं ते समजू दे, टँकर घेतल्याशिवाय परत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण नशिबात अजून शिल्लक होतं. हॉलमध्ये शिरताच माणसं वाट करून द्यायला लागली. अशा प्रसंगी लोक फार चांगले वागतात. एक शिपाई तर धावतच आला. "या बाई, या," म्हणत त्याने त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं, एक लांब बोळ ओलांडला आणि एका दारापाशी आणलं. दाराला कुलूप होतं. "आरं हाव की, पाणी न्हाई म्हून कुलूप हाय," शिपाई स्वतःलाच म्हणाला. साहेबांचं वेगळं आहे, पण त्याचीही टाकी सकाळपासून कोरडी आहे, असंही त्याने सांगितलं. बाईंनी त्याला हात का वर आहे हे शांतपणे समजावलं. समजावून परत येईपर्यंत अहमदपूरचं नाव पुकारून झालेलं होतं. बोलायला कुणी नाही म्हणून पुढच्या तालुक्याला सुरुवातही झाली होती.

बाई उभ्याच राहिल्या. मंचावर कलेक्टर साहेब बसले होते, तरुण होते, आणि खुर्चीत सारखे या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. कुणी बोलायचं आणि कुणी नाही हे ठरवायला त्यांच्या शेजारी एक नायब तहसीलदार उभे होते. बाईंनी त्यांना पाहिलं आणि ओळखलं. सटवाजी केंद्रे. तिसरा बाक, खिडकीजवळ. सगळ्यांत जास्त करंगळ्या यानेच वर केलेल्या. केंद्रे साहेबांनीही बाईंना पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आदर आला. मग त्यांची नजर वर गेली, त्या बोटावर थांबली, आणि इतक्या वर्षांचं काहीतरी त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"बाई, बसा खाली," ते माईकवरून म्हणाले. "मधल्या सुट्टीत."

हॉल हसला. बाईंच्या हाताखालून गेलेले त्या हॉलमध्ये बरेच असावेत, कारण हसू कोपऱ्याकोपऱ्यातून आलं. केंद्रे साहेबांनी जीभ चावली, पण माईकवरचा शब्द परत घेता येत नाही.

बाईंना राग आला. असा की कानशिलं तापली आणि इतक्या वर्षांची शाळेची भाषा अंगावरून गळून पडली.

"हाव, लागलीय!" त्या म्हणाल्या.

"लागलीय, सटवाजी! माझ्या एकलीला न्हाई. टेकडी गल्लीतल्या समद्या बायांना लागलीय, आन् लई दिवसांपासून लागलीय. आमी पाणी पीत न्हाई, साहेब. आसलेलं बी पीत न्हाई. पिलं की ही करंगळी. आन् गेलं की वर तांब्याभर पाणी पायजे, ते कुठून आणू? म्हून घसा वाळवून बसतो. ह्या केवळाबाईची सून उन्हाळी लागून तळमळून राहिलीय, तिला प्यायला पाणी द्या म्हनला डॉक्टर. द्या की! टँकर टेकडीखाली थांबतो, त्याला चढ लागतो म्हनं. डोईवर घागर घेतलेल्या बाईला चढ लागत न्हाई व्हय? मला मधली सुट्टी सांगू नका. ह्या दुष्काळाला हाय का मधली सुट्टी?"

मागे केवळाबाई उठल्या. डोईवरचा पदर नीट केला, आणि त्या म्हाताऱ्या बाईने, जिने शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, आपली करंगळी वर केली. जगदेवीने केली. मुरुडकडच्या दोन बाया बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि केली. मग निलंग्याच्या, औशाच्या, भिंतीला टेकून बसलेल्या, पदर तोंडात धरलेल्या बायांच्या करंगळ्या वर गेल्या. आता कुणी हसत नव्हतं. बाईंचा हात तर खाली येणारच नव्हता.

कलेक्टर साहेब त्या सगळ्या बोटांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब दिसायला लागले.

"केंद्रे, टँकर वर का जात नाही?"

"साहेब, मोठी गाडी चढत नाही. लहान टँकर आहे, पण तो वाटणीत उस्मानाबादला राहिला."

"बघू आपण. बघू," साहेब घाईने म्हणाले. "थोडा वेळ बैठक थांबवू या." आणि ते जवळजवळ पळतच मागच्या दाराने गेले.

"बघू म्हनला," जगदेवी खचून म्हणाली. "बघू म्हंजी न्हाई."

तिघी भिंतीपाशी टेकल्या. बाईंचा हात आता खरंच ठणकत होता. इतकं बोलून 'बघू' मिळालं, याचं त्यांना रडू येत होतं. पण लातुरात रडायचं नाही, घरी जाऊन रडायचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात तोच शिपाई धावत आला. त्याची नजर केवळाबाईंच्या मांडीवर होती.

"बाई, ती कळशी… पाणी हाय का त्यात?"

"कामून?"

शिपायाने आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला, आणि तोंडाने न सांगता नुसती करंगळी वर केली. मग मागच्या दाराकडे मान हलवली. "सकाळपासून बसलेले हायत. टाकी कोरडी."

केवळाबाईंनी कळशी पोटाशी धरली. "न्हाई! घराघरातून तांब्या तांब्या जमवलेलं पाणी हाय. साहेबाला म्हनावं, पीत जाऊ नगं. आमी न्हाई पीत."

बाईंच्या जिभेवर 'मधल्या सुट्टीत' हे शब्द आले होते. ते म्हणायचा इतका मोठा मोका पुन्हा आयुष्यात आला नसता. पण वीस वर्षं करंगळ्या बघून त्यांना एक गोष्ट नक्की कळत होती. ही खरी होती.

त्यांनी डाव्या हाताने कळशी घेतली आणि शिपायापुढे धरली.

"साहेबांना सांगा, घ्या. उकळलेलं, ऑपरेशनचं पाणी आहे. पण ही कळशी टेकडी गल्लीची आहे. रिकामी परत घेणार नाही, आणि मी न्यायलाही येणार नाही. भरून पाठवा. टँकरसोबत. टेकडीच्या वर. खाली ठेवली तर आम्ही उतरणार नाही."

शिपाई कळशी घेऊन धावला. तिघी रिकाम्या हातांनी एसटीत बसल्या. केवळाबाई अहमदपूर येईपर्यंत बाईंशी बोलल्या नाहीत. घरी निवृत्तीरावांनी विचारलं, "टँकर?" बाई म्हणाल्या, "बघू." "आणि कळशी?" तोवर बाई आत निघून गेल्या होत्या. गल्लीत मात्र दोन दिवस सल्ल्यांऐवजी कळशीचाच विषय होता. चंद्रप्पा म्हणाले, सरकारकडे गेलेली वस्तू परत येत नसते, मी तलाठी होतो, मला विचारा.

टाके निघायच्या आधीची गोष्ट. दुपारच्या उन्हात टेकडीखाली घुरघुर ऐकू आली. घुरघुर थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि चढायला लागली. गल्ली दारादारात आली. एक लहानसा, जुना टँकर, बाजूला 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून त्यावर घाईघाईत 'लातुर' लिहिलेला, कण्हत कुंथत वर आला आणि सिमेंटच्या टाकीपाशी थांबला. 'तू' दीर्घ हवा, हे बाईंना दिसलं, पण त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या दोन्ही हातांत कळशी होती, काठोकाठ भरलेली, तोंडाला तेच फडकं बांधलेलं. "सूर्यवंशी बाई कोन? साहेबांनी दिलीय. अन् लई आभार सांगितलेत." केवळाबाईंनी पुढे होऊन कळशी घेतली, फडकं सोडलं, आत बघितलं आणि पदराने डोळे पुसले. मग पहिलं फुलपात्र त्यांनी सुनेला दिलं, आणि ती पूर्ण पिईपर्यंत तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

ड्रायव्हर मात्र टाकीकडे न जाता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. त्याने पट्टी बांधलेल्या, वर धरलेल्या हाताच्या बाईंकडे बघितलं, त्यांच्या ताठ उभ्या करंगळीकडे बघितलं, आणि धीर करून आपलीही वर केली.

"बाई, लातूरपासून कुठंच थांबलो न्हाई. जरा जाऊन येऊ का?"

सगळी गल्ली बाईंकडे बघायला लागली.

"आधी टाकी भर," बाई म्हणाल्या. "मग जा. आणि जाताना तांब्या भरून घेऊन जा."